राष्ट्रीयीकरण म्हणजे समाजीकरण नव्हे : नेपाळच्या राखीव अरण्यांचा धडा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



नेपाळच्या तराईतील हनुमाननगर हे नाव समाजवादी चळवळीच्या जुन्या कार्यकर्त्यांना परके नाही. १९४३ साली जयप्रकाश नारायण आणि डॉ. राममनोहर लोहिया यांना राणाशाहीच्या शिपायांनी पकडून तेथेच अटकेत ठेवले होते, आणि आझाद दस्त्याच्या तरुणांनी तेथूनच त्यांची सुटका केली होती. कोशी नदीच्या काठचा हा मुलूख. तेथून जवळच आज कोशी टप्पू वन्यजीव राखीव क्षेत्र आहे. रानरेड्यांसाठी आणि पाणपक्ष्यांसाठी ते १९७६ मध्ये घोषित झाले. एके काळी स्वातंत्र्यसैनिकांना आसरा देणाऱ्या या नदीकाठी पुढे शेजारच्या खेडुताला गवताची पेंढी आणायलाही परवानगी लागू लागली. हा बदल कसा झाला, तो कितपत आवश्यक होता आणि त्याची किंमत कोणी मोजली, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

विषय नेपाळचा असला तरी प्रश्न समाजवादाच्या गाभ्याचा आहे. निसर्गसंपत्ती खाजगी मालकाच्या हातून काढून शासनाच्या हाती दिली की ती समाजाची झाली, असे आपल्या चळवळीने दीर्घकाळ गृहीत धरले. नेपाळच्या अरण्यांचा गेल्या सत्तर वर्षांचा इतिहास या गृहीतकाची कठोर परीक्षा घेतो.

आकाराने लहान आणि डोंगराळ असलेल्या या देशाने आपल्या भूमीचा सुमारे २३ टक्के भाग निसर्गरक्षणासाठी राखून ठेवला आहे. त्यात बारा राष्ट्रीय उद्याने, एक वन्यजीव राखीव क्षेत्र, एक शिकार राखीव क्षेत्र आणि सहा संरक्षण क्षेत्रे येतात. श्रीमंत देशांनाही सहज न जमणारे असे हे प्रमाण आहे. परंतु या २३ टक्के भूमीवर आणि तिच्या कडेला माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. त्यांचे सरपण, गुरांचा चारा, छपराचे गवत, नदीतील मासळी आणि डोंगरावरील औषधी मुळ्या, सारे काही याच भूमीतून येते. त्यामुळे रक्षणाचा प्रत्येक निर्णय हा संपत्तीच्या वाटपाचाही निर्णय ठरतो.

शिकारखान्यापासून उद्यानापर्यंत

राणांच्या काळात चितवनचे अरण्य राज्यकर्त्यांची खाजगी शिकारभूमी होती. डिसेंबर १९११ मध्ये इंग्लंडचा राजा पंचम जॉर्ज तेथे शिकारीस आला. त्या एका दौऱ्यात ३९ वाघ आणि १८ गेंडे मारले गेले. हिवतापाचा प्रादुर्भाव इतका की बाहेरचा शेतकरी त्या खोऱ्यात वस्ती करण्यास धजत नसे. थारू, बोटे, माझी यांसारखे स्थानिक समाज तेवढे तेथे टिकून होते. १९५० च्या दशकात डी.डी.टी.ची फवारणी सुरू झाली, हिवताप हटला आणि डोंगरातील भूमिहीन शेतकऱ्यांचे लोंढे खाली उतरले. जंगल वेगाने तुटले. १९५० च्या सुमारास आठशेच्या घरात असलेली गेंड्यांची संख्या १९६० च्या दशकाअखेर शंभराच्या आसपास आली.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. त्या वेळी शासनाने हस्तक्षेप केला नसता, तर नेपाळातील गेंडा नामशेष झाला असता. १९७३ साली राष्ट्रीय उद्यान व वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि त्याच वर्षी चितवन हे नेपाळचे पहिले राष्ट्रीय उद्यान झाले. भारतातील व्याघ्र प्रकल्पाचे वर्षही तेच. १९७५ पासून चितवनच्या रक्षणासाठी सेना तैनात झाली. २०२१ च्या गणनेत नेपाळात ७५२ गेंडे आढळले, त्यांपैकी ६९४ एकट्या चितवनमध्ये होते. वाघांची संख्या २००९ मध्ये १२१ होती, ती २०२२ मध्ये ३५५ झाली. हे यश खरे आहे. त्याला नाके मुरडणारा कार्यकर्ता लोकांचीही फसवणूक करतो आणि स्वतःचीही.

परंतु हे यश कोणाच्या खर्चाने मिळाले, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला विचारावाच लागतो. उद्यान झाल्याबरोबर थारूंची गुराख्याची वाट बंद झाली आणि बोटे व माझी यांच्या होड्यांवर निर्बंध आले. वर्षातून मोजके दिवस नाममात्र शुल्क भरून गवत कापण्याची मुभा राहिली. जी वस्तू कालपर्यंत वहिवाटीचा हक्क होती, ती आज सवलत झाली. गेंड्याने रात्री भातशेत तुडवले तर नुकसान त्या कुटुंबाचे, आणि गेंडा पाहावयास आलेल्या प्रवाशाचे पैसे मात्र सरकारी तिजोरीत आणि हॉटेलमालकाच्या गल्ल्यात जमा होत. लाभ जगभर विखुरलेला आणि भार काही हजार दरिद्री घरांवर एकवटलेला, असा हा हिशोब होता.

त्यातील वर्गीय बाजूही पाहण्यासारखी आहे. ज्या उद्यानात गवत कापणारी बाई गुन्हेगार ठरत होती, त्याच उद्यानाच्या आत परदेशी पाहुण्यांसाठी आलिशान निवासगृहे चालू होती. अशी सात हॉटेले २०१२ पर्यंत उद्यानाच्या हद्दीत होती. त्या वर्षी शासनाने त्यांचे परवाने पुढे चालू ठेवण्यास नकार दिला, तेव्हा ती बाहेर पडली. उद्यान स्थापन झाल्यापासून हॉटेलांना बाहेर काढण्यास एकोणचाळीस वर्षे लागली. खेडुतांच्या बाबतीत मात्र इतका धीर कोणी धरला नव्हता. जुलै २०२० मध्ये चितवनच्या मादी भागात, कुसुमखोला येथे, उद्यानाच्या कर्मचाऱ्यांनी चेपांग कुटुंबांच्या झोपड्या हत्तींकरवी मोडल्या आणि काही जाळल्या. आणि तेव्हा पावसाळा चालू होता.

राराचे लोक

पश्चिम नेपाळातील रारा सरोवराची कथा याहून दुःखद आहे. जवळजवळ तीन हजार मीटर उंचीवरील हे सरोवर नेपाळातील सर्वांत मोठे. १९७६ मध्ये त्याच्या भोवती राष्ट्रीय उद्यान झाले. काठावर रारा आणि छाप्रू ही दोन गावे होती. निसर्ग निर्भेळ राहावा म्हणून त्या दशकाच्या अखेरीस ही गावे उठवण्यात आली आणि तेथील माणसांना खाली तराईतील उष्ण, दमट मुलखात वसवण्यात आले. हिमाच्छादित डोंगरात जन्मलेल्या माणसांना तेथील हवा सोसली नाही. आजारपण आले, मृत्यूही आले. वर सरोवराकाठी त्यांच्या घरांचे चौथरे आणि शेतांच्या ताली गवताखाली गेल्या. प्रवासी ज्याला अस्पर्श निसर्ग समजतो, तो पुष्कळदा असा रिकामा केलेला निसर्ग असतो.

हे घडू शकले, कारण त्या काळी नेपाळात विचारणारे कोणी नव्हते. १९४२ च्या चळवळीत भारतात तुरुंगवास भोगलेले बिश्वेश्वरप्रसाद कोइराला १९५९ च्या निवडणुकीनंतर देशाचे पहिले लोकनियुक्त पंतप्रधान झाले. डिसेंबर १९६० मध्ये राजा महेंद्रांनी त्यांचे सरकार बरखास्त करून त्यांना बंदिवासात टाकले. त्यानंतर पक्षांवर बंदी आली आणि ती तीस वर्षे टिकली. १९७३ चा कायदा, चितवन, सगरमाथा, लांगटांग, रारा ही सर्व उद्याने या पक्षविहीन राजवटीची निर्मिती आहेत. रक्षणाची कल्पना चुकीची नव्हती. ती जनतेला न विचारता राबवली गेली, आणि दोष तेथे होता.

१९५७ ची चूक

तथापि सारा दोष राजेशाहीच्या माथी मारून मोकळे होता येत नाही. त्यापूर्वीचा एक निर्णय समाजवाद्यांना अधिक अडचणीत टाकणारा आहे. १९५७ साली नेपाळने खाजगी वनांचे राष्ट्रीयीकरण केले. हेतू पुरोगामी होता. राणा सरदारांनी बळकावलेली विस्तीर्ण अरण्ये राष्ट्राची व्हावीत, या मागणीला कोणता समाजवादी विरोध करील?

परंतु नेपाळच्या डोंगरात सरदारांच्या वनांखेरीज आणखी एक प्रकार होता. तो कागदावर कोठेच नव्हता. ती गावाची वने होती. सगरमाथ्याच्या पायथ्याशी खुंबूच्या खोऱ्यात शेर्पा लोक दरवर्षी गावाचे वनराखे नेमत. त्यांना ‘शिंगी नावा’ म्हणत. कोणते झाड घर बांधण्यासाठी तोडावयाचे, ओले लाकूड कोणी आणले आणि त्याला काय दंड करावयाचा, हे तेच ठरवीत. पगार नाही, गणवेश नाही, बंदूक तर नाहीच. त्यांच्या पाठीशी होती ती केवळ गावाची संमती. राष्ट्रीयीकरणाच्या कायद्याला ही संस्था दिसलीच नाही. वन सरकारचे झाले, पण सरकारचा माणूस त्या डोंगरात दोन दिवसांच्या पायपिटीवर. गावाने हात काढून घेतला आणि शासनाचा हात तेथे पोहोचलाच नाही. जे कालपर्यंत सर्वांचे होते ते बेवारस झाले आणि बेवारस मालाची जी गत होते ती त्या वनांची झाली.

समाईक मालकी म्हणजे विनाश, असा सिद्धांत पाश्चात्त्य विद्यापीठांतून १९६८ नंतर गाजला. त्यात समाईक आणि बेवारस या दोन भिन्न गोष्टींची गल्लत होती. समाईक संपत्तीला नियम असतात, राखणदार असतो आणि दंड असतो. एलिनॉर ऑस्ट्रम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते हाच भेद सिद्ध केल्याबद्दल. त्यांच्या अभ्यासात नेपाळच्या शेतकऱ्यांनी स्वतः चालवलेल्या पाटांना महत्त्वाचे स्थान होते. सरकारी खात्याच्या पक्क्या बंधाऱ्यांपेक्षा शेतकऱ्यांच्या दगडमातीच्या बांधांवर पाण्याचे वाटप अधिक चांगले होत असल्याचे तेथे आढळले. ही गोष्ट राष्ट्रीयीकरणाच्या आंधळ्या समर्थकांनी आणि खाजगीकरणाच्या आंधळ्या भक्तांनी, दोघांनीही मनन करण्यासारखी आहे.

परतीची वाट

नेपाळचे वैशिष्ट्य हे की त्याने ही चूक ओळखली आणि मागे पावले टाकली. १९७८ च्या नियमांनी काही वने गावपंचायतींकडे देण्यास सुरुवात झाली. १९८६ मध्ये अन्नपूर्णेच्या परिसरात घांद्रुक गावापासून एक नवा प्रयोग सुरू झाला. डॉ. चंद्र गुरुङ आणि मिंग्मा नोर्बू शेर्पा ही दोन नावे त्याच्याशी निगडित आहेत. दोघेही डोंगरातलेच, आणि शेर्पा तर सगरमाथा उद्यानाचे वॉर्डन राहिलेले. त्यामुळे सैनिक आणि कुंपण यांच्या मर्यादा त्यांना अनुभवाने ठाऊक होत्या. त्यांनी लोकांना उठवले नाही, सेना बोलावली नाही. ७,६२९ चौरस किलोमीटरच्या या क्षेत्रात एक लाखाच्या आसपास माणसे आपापल्या गावी राहिली. प्रवाशांकडून घेतलेले प्रवेशशुल्क सरकारी तिजोरीत न जाता त्याच क्षेत्रात खर्च होऊ लागले. सरपण वाचावे म्हणून निवासगृहांत रॉकेल आले, आमा समूहांच्या बायका पायवाटा बांधू लागल्या आणि गावोगाव संरक्षण समित्या स्थापन झाल्या.

१९९० च्या जनआंदोलनाने पक्षांवरील बंदी उठली. लोकशाही येताच कायद्याची भाषा बदलली. १९९३ च्या वन कायद्याने उपभोक्ता समूहांना वनाच्या व्यवस्थेचा आणि उत्पन्नाचा अधिकार दिला. त्याच वर्षी उद्यान कायद्यात दुरुस्ती होऊन उद्यानांच्या कडेला बफर क्षेत्राची तरतूद झाली. उद्यानाच्या उत्पन्नापैकी ३० ते ५० टक्के रक्कम तेथील जनतेच्या विकासासाठी परत जावी, असे ठरले. पुढे बावीस हजारांहून अधिक उपभोक्ता समूह उभे राहिले. उपग्रहांच्या छायाचित्रांवरून झालेल्या एका अभ्यासानुसार १९९२ मध्ये देशाच्या २६ टक्के भूमीवर असलेले वनाच्छादन २०१६ पर्यंत ४५ टक्क्यांवर गेले. डोंगरातील तरुण परदेशी मजुरीला गेल्यामुळे पडीक शेतात झाडे वाढली, हेही त्याचे एक कारण आहे. परंतु गावाने राखलेल्या वनांचा वाटा त्यात मोठा आहे.

या परतीच्या वाटेवरील सर्वांत दूरचा टप्पा म्हणजे कांचनजंगा. देशाच्या ईशान्य टोकावरील २,०३५ चौरस किलोमीटरचे हे संरक्षण क्षेत्र सप्टेंबर २००६ मध्ये शासनाने स्थानिक लोकांच्या व्यवस्थापन परिषदेकडे सोपवले. शासन नाही, न्यास नाही, तेथील रहिवासीच कारभारी. हस्तांतरणाच्या कार्यक्रमासाठी गेलेली मंडळी २३ सप्टेंबर रोजी घुन्साहून परतत असताना हेलिकॉप्टर डोंगरावर आदळले आणि त्यातील चोवीसही जण मृत्युमुखी पडले. त्यात वन राज्यमंत्री गोपाल राई होते, भूगोलतज्ज्ञ डॉ. हर्क गुरुङ होते, चितवनच्या प्रारंभीच्या काळात तेथे वॉर्डन राहिलेले डॉ. तीर्थमान मास्के होते, आणि चंद्र गुरुङ व मिंग्मा नोर्बू शेर्पा हेही होते. बंदुकीने राखलेल्या अरण्यापासून लोकांनी राखलेल्या अरण्यापर्यंतचा तीस वर्षांचा प्रवास ज्यांनी घडवला, त्यांतील इतकी माणसे एका क्षणात गेली. परंतु त्यांनी सोपवलेला कारभार लोकांच्या हाती राहिला.

अपुरे राहिलेले काम

म्हणून नेपाळात सारे आलबेल आहे असे समजणे भाबडेपणाचे होईल. तीन गोष्टी डोळ्यांआड करता येणार नाहीत.

पहिली गोष्ट सेनेची. यादवी युद्धाच्या काळात उद्यानांतील सैनिकी ठाणी आखडली गेली, तेव्हा चितवनमधील गेंडे २००० साली ५४४ होते ते २००५ मध्ये ३७२ झाले. गेंड्याच्या शिंगाला आंतरराष्ट्रीय चोरबाजारात जी किंमत येते तिच्यापुढे गावाची समिती एकटी टिकू शकत नाही. सशस्त्र टोळीशी लढण्यास शासन हवेच. मात्र टोळीसाठी आणलेली बंदूक गवत कापणाऱ्याकडे वळू नये, हे पाहण्यासाठी त्या शासनावर लोकांचा वचक हवा.

दुसरी गोष्ट गावाच्या आतील विषमतेची. ‘गाव’ हा शब्द उच्चारला की जातिभेद नाहीसे होत नाहीत. पुष्कळ उपभोक्ता समूहांत अध्यक्षपद उच्चवर्णीय जमीनदाराकडे, कुऱ्हाडबंदीचा ठराव त्याचा, आणि सरपण बंद झाल्याची झळ दलित भूमिहीन बाईला, असे घडले. अन्नपूर्णेतही पायवाटेवर ज्याचे निवासगृह त्याला पर्यटनाचा पैसा, आणि वाटेपासून दूरच्या गावाला केवळ नियम, अशी तक्रार राहिली. समित्यांत स्त्रियांना निम्म्या जागा देण्याचा नियम पुढे आला तो यामुळेच. विकेंद्रीकरण आणि समता या दोन वेगळ्या लढाया आहेत. पहिली जिंकली म्हणजे दुसरी आपोआप जिंकली जात नाही.

तिसरी गोष्ट सत्ता सोडण्याच्या अनिच्छेची. अन्नपूर्णेचा कारभार ज्या न्यासाकडे दिला गेला, त्याची मुदत वेळोवेळी वाढवण्यात आली, आणि पहिली मुदत संपून वीस वर्षे लोटल्यावरही तो स्थानिकांकडे गेलेला नव्हता. हितकर्त्यालाही खुर्ची सोडवत नाही, हा अनुभव सहकारी चळवळीतील कार्यकर्त्यांना नव्याने सांगण्याची गरज नाही. दुसरीकडे, संरक्षित क्षेत्रांत जलविद्युत आणि तत्सम प्रकल्पांना वाट मोकळी करणाऱ्या तरतुदी २०२४ मध्ये कायद्यात घालण्यात आल्या. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये त्या रद्द ठरवल्या. गवताच्या पेंढीसाठी जो कायदा पोलादी असतो तो भांडवलासाठी किती लवचिक होऊ पाहतो, याचा हा ताजा दाखला.

महाराष्ट्राच्या कार्यकर्त्यांसाठी

कांचनजंगा लोकांच्या हाती गेले त्याच वर्षी, डिसेंबर २००६ मध्ये, भारताच्या संसदेने वनहक्क कायदा मंजूर केला. अत्यंत महत्त्वाच्या वन्यजीव अधिवासातूनही ग्रामसभेच्या संमतीवाचून कोणाला उठवता येणार नाही, असे त्यात म्हटले आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गोंड गावाने त्याच कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळवला. कायदा आहे, उदाहरणही आहे. उणीव आहे ती गावोगाव बसून दावे लिहिणाऱ्या, नकाशे काढणाऱ्या आणि ग्रामसभेत भूमिहीनाला व स्त्रीला बोलते करणाऱ्या कार्यकर्त्यांची.

यापुढे कोठेही अभयारण्याची किंवा व्याघ्र प्रकल्पाची घोषणा झाली, तर समाजवादी कार्यकर्त्याने तिचे सरसकट स्वागतही करू नये आणि सरसकट विरोधही करू नये. त्याने चार प्रश्न विचारावेत. येथे पूर्वी कोणते नियम होते आणि ते कोण पाळीत होते? रक्षणाचा भार कोणाच्या घरावर पडणार? उत्पन्न कोणाच्या हाती जाणार? आणि निर्णय बदलण्याचा अधिकार कोणाकडे राहणार? या चारही प्रश्नांची उत्तरे ग्रामसभेत, शेवटच्या माणसासमोर, मोठ्याने वाचून दाखवता येत असतील, तरच ते अरण्य समाजाचे झाले असे म्हणता येईल. तोवर ते फक्त सरकारचे आहे. आणि सरकारचे ते सर्वांचे, हे समीकरण नेपाळच्या डोंगराने १९५७ नंतर कायमचे खोटे ठरवले आहे.